कांडीला हाक मारू नये

९ नोव्हेंबर, रविवार

आली एकदाची. आली म्हणजे आणली. हितेशने पिंजरा उचलून दाराबाहेरच्या ओट्यावर ठेवला, दार उघडलं, आणि ती बाहेर पडली ती थेट माझ्या पलंगाखाली. संध्याकाळ झाली. अजून तिथेच आहे.

हितेश म्हणजे भटकी, टाकलेली कुत्री सोडवून आणतात त्या संस्थेतला माणूस. माझ्या लेकीच्या, दिपालीच्या ओळखीचा. दाढी आहे, पण बोलताना तोंड माझ्याकडे ठेवतो, म्हणून त्याचं कळतं. त्याने सांगितलं ते असं — नारपोलीत कापडाचा एक कारखाना बंद पडला. मालकाने लूम भंगारात काढले. माणसं आली, घण घालून लूम तोडले, टेंपोत भरले, गेले. कामगार गावी गेले. ही मागे राहिली. जन्मच तिचा त्या शेडमधला. रिकाम्या शेडमध्ये, जिथे लूम उभा होता तिथल्या तेलाच्या डागावर बसून होती म्हणे. हलायला तयार नाही.

"मावशी, भुंकत नाही ती. आम्ही अजून तिचा आवाजच ऐकला नाही. फार बिथरलीय. वेळ लागेल."

घ्या! राखणीला आणली आणि मुकी निघाली. दिपालीला मेसेज टाकला — तुझी राखणदार पलंगाखाली आहे.

संस्थेने नाव ठेवलं होतं ब्राउनी. मी बदललं. लांबट, बारीक, दोन्ही टोकांना निमुळती — कांडीच. मागाच्या धोट्यात सुताची कांडी बसवतात ना, तशी. आयुष्य गेलं माझं कांड्या भरण्यात, दुसरं काय सुचणार.

१० नोव्हेंबर, सोमवार

कुत्रा पाळायची हौस मला कधी नव्हती. हे लिहून ठेवते, उगाच कोणी माझ्या नावावर प्राणिप्रेम खपवायला नको.

झालं ते दसऱ्याला. मी कुकर लावला आणि शेंगा निवडत बसले. शिट्ट्या झाल्या असतील. मला नाही कळल्या. तेवढ्यात दिपाली बदलापूरहून आली, दाराची बेल वाजवत राहिली, फोन करत राहिली, मग दार बडवत राहिली. शेवटी शेजारच्या आक्काने तिला मागच्या दाराने आत घेतलं. घरभर धूर, आणि मी शेंगा निवडतेय, पाठ करून.

लेकीचं तोंड पांढरं पडलं होतं. "आई, मला वाटलं तू गेलीस."

आता कबूल करायला हवं. मला कमी ऐकू येतं. कमी. बहिरी नव्हे. लूमच्या आवाजात जन्म गेला, कान तिथेच ठेवून आले. गेल्या वर्षी दिपालीने कानाचं मशीन आणून दिलं, ते एकदा घातलं — पंखा, भांडी, स्वतःचे पाय, सगळं एकदम डोक्यात. काढून डबीत ठेवलं ते ठेवलं.

तेव्हा दिपालीचं म्हणणं, एकटी राहू नकोस, माझ्याकडे चल. चौथ्या मजल्यावर चांगलं घर आहे, भूपेश जावई म्हणून सोन्यासारखा आहे. पण मला हे गाव, शेलार, सोडायचं नाही. इथे माझी गच्ची आहे, बोंबील वाळत घालायला कोणाची परवानगी काढावी लागत नाही. दारावर यांची पाटी आहे, केसरीनाथ म्हणून. ती काढून बदलापूरला कुठे लावू?

खूप भांडलो. मग दिपालीनेच हा तोडगा काढला. कुत्रा ठेव. कोणी आलं तर निदान तुला कळेल. संक्रांतीपर्यंत बघते. नाही जमलं तर मुकाट्याने चलायचं. आणि त्यांच्या सोसायटीत कुत्री चालत नाहीत, म्हणजे मी बदलापूरला तर ही परत संस्थेत.

अशी आम्ही दोघी एका दोरीला बांधलेल्या. एक पलंगावर, एक पलंगाखाली.

१२ नोव्हेंबर

खात नाही. हळद घालून भात शिजवला, कोंबडीचे तुकडे घातले. तिच्यापुढे ताटली सरकवली. "कांडी, ए कांडी! ये बाळा, खा." जितकं बोलावते तितकी भिंतीत शिरते. थरथरते. मी पालथी पडून पलंगाखाली डोकं घालून हाका मारते. या वयात.

आक्का येऊन बघून गेली. आक्का माझी मोठी जाऊ, भिंतीला भिंत लागून घर. ती ओरडूनच बोलते, त्यामुळे तिचं मला सगळं ऐकू येतं.

"काय गो चंद्रा, कुत्री आनलीस का ससा?"

सगळ्यांचं मत एकच — शांतता पाहिजे. टीव्ही बंद ठेवा, मिक्सर लावू नका. दिवाळीपासून घरामागचा आमचा लूमचा गाळा, भाड्याने दिलेला, तोही बंदच आहे, कामगार अजून गावाहून परतले नाहीत. म्हणजे शांतता आहेच. इतकी शांतता शेलारला मी कधी बघितली नव्हती. मला ऐकू येत नसलं तरी पायांना कळतं. लूम चालू असले की फरशी हलते, फळीवरचे पेले थरथरतात. आता सगळं मेल्यासारखं.

१३ नोव्हेंबर

नाही खाल्लं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पाणी पिते, मी खोलीत नसताना. एवढंच.

आज वज्रेश्वरीला नवस बोलले. हिने चार घास खाल्ले तर ओटी भरायला येईन. आक्काला सांगितलं तर ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "कुत्रीसाठी नवस? माझे गुडघ्यांसाठी कधी बोलली न्हाय तू!"

तिच्या गुडघ्यांचंही सांगितलं मग देवीला. एका फेरीत दोन कामं.

१६ नोव्हेंबर, रविवार

हितेशचा मेसेज. अजून खात नसेल तर बुधवारी येऊन नेतो, डॉक्टरकडे ठेवावं लागेल. वाईट वाटून घेऊ नका मावशी, प्रत्येक कुत्र्याला प्रत्येक घर मानवत नाही.

वाईट वाटलं. चांगलंच वाईट वाटलं. बदलापूरचं सोडा, ते नंतर. पण हिने माझं घर नापसंत करावं हे मनाला लागलं. इतकं काय वाईट आहे माझ्या घरात?

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज काय झालं ते नीट लिहिते.

सकाळी भाकरी थापत होते. पायाखालची फरशी हलली. पेले थरथरायला लागले. मागचा गाळा सुरू! कामगार आले असणार. ही आधीच अर्धमेली, आता एवढ्या खडखडाटाने छाती फुटून जायची तिची. पिठाच्या हातांनी धावले.

पलंगाखाली वाकून बघते तर बाई झोपलेल्या. कुशीवर. चारही पाय लांब केलेले, तोंड उघडं, जीभ बाहेर. आठवडाभर ही डोळे मिटताना दिसली नव्हती. अंगाचं मुटकुळं करून, कान पाडून बसायची. आणि आता लूमच्या धडधडाटात फरशीला कान लावून गाढ झोपलीय.

मी तिथेच जमिनीवर बसले. हसायला आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. अगं येडे, मी सांगते ना तुला, मलाही तसंच होतं. आमच्या लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेले, झोपच लागेना. आई म्हणाली, तब्येत बरी नाही का? तब्येत बरी होती. लूम नव्हते.

गावभरच्या शहाण्यांनी, त्यात मी पण आले, हिला शांततेत डांबून ठेवलं होतं. हिच्या लेखी शांतता म्हणजे लूम तुटला.

१८ नोव्हेंबर

खाल्लं. भात नाही. माझ्या चहातला पाव. मी दुपारचा चहा घेत होते, ती पलंगाखालून निघाली, भिंतीला चिकटत चिकटत आली, ताटलीतला पाव उचलला आणि परत आत. कारखान्यात चहा-पावावर वाढली असणार. मग भातही संपवला.

हितेशला कळवलं, बुधवारी येऊ नका. त्याने हात जोडल्याची दहा चित्रं पाठवली.

देवी, तुझे उपकार. येतेच.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

शुक्रवार. गाळ्याला सुट्टी. भिवंडीत लूम शुक्रवारी बंद. हे माझ्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

ती परत पलंगाखाली. तशीच थरथर. मी आपली परत पालथी — "कांडी, ये बाळा, ये गं!" ती आणखी आत.

मग थकून बसले आणि विचार केला. चंद्रा, कारखान्यात कोणी कोणाला हाक मारतं का? लूम चालू असताना कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. तिथे माणसाचा आवाज कधी ऐकू येतो? लूम बंद पडल्यावर. लाइट गेली, पट्टा तुटला, कोणाचा हात अडकला, मालक शिव्या द्यायला आला. आवाज आला म्हणजे काहीतरी बिघडलं. आणि शेवटच्या दिवशी तर लूम बंद करून माणसं ओरडत होती, घण घालत होती. हिने आयुष्यात प्रेमाने मारलेली हाक ऐकलेलीच नाही. कोणी मारलीच नसेल. आणि मी सकाळ-संध्याकाळ हिच्या तोंडावर बोंबलतेय. माझा आवाजही मोठा. मला स्वतःला ऐकू यायला हवा ना.

मग काय बोलत होते ते लोक हिच्याशी? हातांनीच बोलत असणार. आम्ही बोलायचो तसं.

मी दारापाशी जमिनीवर बसले. तोंड घट्ट मिटलं. हात खाली धरून चार बोटं आपल्याकडे हलवली. कारखान्यात याचा अर्थ, इकडे ये.

ती आली.

सरपटत आली, पोट जमिनीला लावून, पण आली. माझ्या हाताशी थांबली. मी मूठ तोंडाशी नेली — चहा. तिने शेपटी हलवली. एकदाच. जमिनीवर आपटल्यासारखी.

२२ नोव्हेंबर

कालचं डोक्यातून जात नाही.

आमचा संसारही हातांवरच झाला. हे लूम बघायचे, मी कोपऱ्यात कांडी मशीनवर. मधे एवढा आवाज. मूठ तोंडाशी म्हणजे चहा. मनगटावर बोट म्हणजे शिफ्ट संपली. दोन बोटं ताणून मोडली म्हणजे सुताची तार तुटली. छातीवर थाप म्हणजे तू राहू दे, मी बघतो. मालकीण असून कामाला बसते म्हणून बायका हसायच्या. पण मला तिथून हे दिसायचे. घरी येऊनसुद्धा आम्ही हातांनीच बोलायचो, सवयीने. भांडणसुद्धा. दिपाली लहान असताना म्हणायची, तुम्ही दोघं मुके आहात का?

शेवटच्या आजारपणात यांना बोलवत नव्हतं. मी खाटेपाशी रडायला लागले तर छातीवर थाप मारली. राहू दे, मी बघतो. काय बघणार होते देव जाणे.

हे गेल्यापासून कोणी माझ्याशी हाताने बोललं नव्हतं. काल मी कोणाशी तरी बोलले. एवढंच लिहायचं होतं.

३० नोव्हेंबर, रविवार

वज्रेश्वरीला जाऊन आलो, आक्का आणि मी. ओटी भरली. कुंडात पाय सोडून बसलो, आक्काने गुडघ्यापर्यंत लुगडं वर घेऊन. "देवीनं तुझे कुत्रीला येक आठवड्यान बरी केली. माझे गुडघे काय लांब हायत?" मी म्हटलं, तू पाव खा, बरं वाटेल. परतीच्या बसमध्ये बोललीच नाही माझ्याशी, शेलार येईपर्यंत.

घरी आले तर कांडी ओट्यावर. बाहेर! माझी वाट बघत. मला बघून उठली आणि लगेच लाजून घरात पळाली.

७ डिसेंबर, रविवार

आता घरभर फिरते. मी जिथे बसेन तिथे, दोन हात अंतर ठेवून. जवळ नाही. पाठ माझ्याकडे, तोंड दाराकडे. एक कान फाटका आहे, तो जास्त हलतो.

मागच्या गाळ्यातला रघू तिला बघायला आला होता. उत्तरेकडचा आहे, पण आता मराठी चांगलं बोलतो, फक्त कुत्र्याशी हिंदी. "अरे, ये तो अपनी बिरादरी की है!" त्याने लांबूनच हाताने 'काय खबर' अशी खूण केली. हिने मान वाकडी करून बघितलं आणि शेपटी हलवली. मला जरा असूयाच वाटली.

१३ डिसेंबर

मासेवाली हल्ली फाटकाच्या आत पाऊल टाकत नाही. रस्त्यावरूनच टोपली दाखवते. का, तर कुत्रीची भीती वाटते म्हणे. खुणा करून सांगत होती, दात दाखवून. मला इतकं हसू आलं. माझ्या सावलीला घाबरणारं जनावर, आणि ही एवढी धट्टीकट्टी बाई!

१६ डिसेंबर, मंगळवार

नवीन सुरू झालंय. मी काही करत असले की येते आणि गुडघ्याला नाक लावते. ओलं, गार नाक. झटकन लावते आणि मागे होते. पहिल्यांदा वाटलं भूक लागली. पाव दिला, घेतला नाही. परत नाक.

उठले, ओट्यावर गेले, तर दूधवाला उभा.

संध्याकाळी परत नाक. उठले. फाटकात वीजबिलवाला.

१९ डिसेंबरला शुक्रवार आहे, तेव्हा बघू. पण मला वाटतं मी समजतेय ते बरोबर आहे. ही मला बोलवायला येते. भुंकता येत नाही बिचारीला, म्हणून स्वतः येऊन सांगते.

माझ्यासारखीच. जे नाही ते नाही, आहे त्यावर भागवायचं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

लूम बंद. पलंगाखाली. हाताने बोलावलं की येते, पाव खाते, परत जाते. फाटकाशी कोण आलं कोण गेलं, काही नाही.

२६ डिसेंबर, शुक्रवार

व्हायचं तेच झालं. दिपाली न सांगता आली. नाताळाची जोडून रजा काढून. आणि नेमकी शुक्रवारी!

बेल. फोन. परत बेल. शेवटी आक्काचं मागचं दार. आत येऊन बघते तर आई कपाटं आवरतेय, गॅसवर दूध उतू जाऊन शेगडी विझलेली, राखणदार पलंगाखाली. गॅसचा वास सुटला होता. मला नाकही कामाचं राहिलेलं नाही वाटतं.

मी सांगितलं, शुक्रवार आहे गं, शुक्रवारी तिला जमत नाही. दिपाली समोर बसून, शब्द सुटे सुटे करून म्हणाली, "आई. माणसाला काही व्हायचं असलं तर ते शुक्रवार सोडून होतं का?"

खरंच आहे.

रडली नाही, ओरडली नाही. शेगडी पुसली, खिडक्या उघडल्या, माझ्यासाठी चहा केला. म्हणाली, संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी येते. मुद्दाम शुक्रवारीच. तोवर सामानाचं बघून ठेव. हितेशला मी सांगते.

ती काळजीने बोलते. तिचा राग येत नाही, तेच अवघड आहे. राग आला असता तर भांडले असते.

२७ डिसेंबर

कांडी आज पहिल्यांदा माझ्या पायावर डोकं ठेवून झोपली. आजच कसं सुचलं हिला?

२ जानेवारी, शुक्रवार

सकाळपासून एकच विचार. शुक्रवारी लूम चालवायला मी काही शेठ नाही. मग हिला काय देऊ?

भांडी घासताना सुचलं. पडवीत माझं कांडी मशीन आहे! गाळा भाड्याने दिला तेव्हा लूमही त्याबरोबर दिले, पण हे मी दिलं नव्हतं. प्लास्टिक घालून ठेवलंय, वर पापडाचे डबे. लोक म्हणायचे अडगळ आहे.

डबे उतरवले. धूळ पुसली. तेल घातलं. शिलाई मशीनचंच तेल, चालतं. रघूला बोलावून वायर बघून घेतली. बटण दाबलं. आधी गुरगुरलं, मग फिरलं. फरशीला हात लावून बघितला — हलतेय. लूमइतकी नाही. पण हलतेय.

उरलेलं सूत होतं, ते लावलं. नुसतं फिरवायला बरं वाटेना. बोटं आपोआप चालली. पहिली कांडी भरून होतेय तोवर पायाशी काहीतरी उबदार. बघते तर ही. मशीनच्या पायाला पाठ लावून बसलेली, तोंड दाराकडे.

शुक्रवार, आणि पलंगाखाली कोणी नाही!

आक्का डोकावली. "सुट्टीचे दिसी कांड्या भरतंस? कोन घेनार हाय त्या?"

कोणी नाही. भरते आपली.

९ जानेवारी, शुक्रवार

आजही मशीन. दुपारी नाक लागलं गुडघ्याला. उठले. आक्काची सून करिष्मा, वाणाचं सांगायला आलेली. मी तिला तिथेच मिठी मारली. तिला वाटलं असेल, काकी बिघडली.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तिळगूळ केला. कांडीला कणभर दिला, तोंड वाकडं केलं तिने. बॅग माळ्यावरून काढलेली नाही. पण माळ्याकडे चार वेळा बघितलं.

१६ जानेवारी, शुक्रवार

मशीन चालू. कांडी पायाशी. दोनदा तार तुटली.

मी दाराकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. प्रामाणिकपणे. पाठ करूनच बसले.

कांडी उठली. ओट्यावर गेली. थोडा वेळ गेला. मला वाटलं, गेलीच ती घाबरून, आता येत नाही. आणि मग — ओलं गार नाक, गुडघ्याला.

मी गेले. ती माझ्या मागे, साडीला चिकटून. फाटकात दिपाली. बेल वाजवायला हात उचललेला, तसाच. मी कडी काढली. ती माझ्याकडे बघते, कांडीकडे बघते. मग आत येऊन माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. किती दिवसांची काळजी घेऊन हिंडत होती माझी ही पोर.

"राहा," म्हणाली. "राहा बाई इथेच. दोघी राहा."

मी तिच्या छातीवर नाही, माझ्या छातीवर थाप मारली. तू राहू दे, मी बघते. तिला आठवलं. बापासारखंच हसली.

जाताना अट घातली. दुधाचं, गॅसचं कुत्री सांगणार नाही. कानाचं मशीन डबीतून काढायचं, रोज थोडा वेळ घालायचं, सवय होते. मी हो म्हटलं. इतकं दिलंय तिने आज, मी एवढं देऊ शकते.

कांडीने आज दिपालीच्या हातून पाव घेतला. परमेश्वरा, आणखी काही मागत नाही. खरंच नाही.

१९ जानेवारी, सोमवार

कानाचं मशीन घातलं. पंखा, पेले, मागचे लूम. डोकं धरून बसले. आक्का शेजारी वाल सोलत होती, तिला म्हटलं ओरडू नकोस, ऐकू येतंय.

आणि मधेच भुंकणं. जोरजोरात, खणखणीत. कोणाचं कुत्रं आलंय म्हणून खिडकीतून वाकून बघितलं. फाटकाशी आपली कांडी. पुढचे पाय रोवून पोस्टमनला फाडून खातेय.

"ही भुंकते?"

"रोजच भुंकतं. आले-गेल्यावर. मना वाटला तुना ठाव हाय."

कुत्री भुंकते, ही काय कोणी कोणाला सांगायची गोष्ट आहे! पलंगाखालून निघाल्यापासून भुंकत असणार. भुंकून बघते, मी उठत नाही, मग आत येऊन सांगते. तिला कधीच कळलं होतं माझं. मलाच तिचं कळलं नव्हतं.

भुंकणं थांबलं. नखं वाजली फरशीवर, टक टक टक. पहिल्यांदाच ऐकली. मी घाईघाईने खुर्चीत बसले, पाठ दाराकडे केली, आक्काला खूण केली की गप्प. नाक लागलं गुडघ्याला. मी दचकल्यासारखं केलं आणि तिच्याबरोबर उठले.